हाक आणि हिशेब : शिरूर-दौंडच्या गावरखवालीचा मागोवा

१५ मे १८७५ रोजी, शनिवारी, पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट सुप्याला पोहोचले, तेव्हा बाजारपेठेच्या रस्त्यावर राखेचे ढीग अजून पडलेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रात नुकसानीची मोजदाद आहे : एका सावकाराचे घर जाळलेले, डझनभर घरे फोडून रिकामी केलेली, वह्या, कर्जरोखे, धान्य आणि कापड रस्त्यात पेटवलेले. पन्नास माणसे पकडली गेली होती. दोन हजार रुपयांचा माल परत मिळाला होता आणि नुकसान पंचवीस हजारांच्या वर गेल्याचा अंदाज होता. सावकारांच्या मते ते लाखाच्या पुढे होते. दंगा झाला होता १२ मे रोजी.

सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते, आणि आजच्या दौंडचा मोठा भागही त्याच भीमथडीत मोडत असे. दख्खनच्या या दंग्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कर्ज, व्याज, सारा आणि कापसाचे कोसळलेले भाव या अंगाने ते लिहिले गेले आणि ते योग्यच आहे. मी मात्र त्या काळची आणि पुढची माहिती वाचताना वेगळा प्रश्न धरून बसलो. गावावर संकट आले तर हाक कोणाला मारायची, धावून येणाऱ्याचा खर्च कोणी सोसायचा, आणि तो आला नाही तर जाब कोणाला विचारायचा? शिरूर आणि दौंड या शेजारच्या दोन तालुक्यांत या प्रश्नाची दोनशे वर्षांची उत्तरे एकाखाली एक मांडून पाहता येतात.

पहिले उत्तर पेशवाईच्या अखेरचे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली अहवाल लिहिला. त्यात गावच्या बंदोबस्ताचे वर्णन आले आहे. मुख्य जबाबदारी पाटलाची. त्याच्या हाताखाली गावचा रखवालदार. पुणे प्रांतात हे काम बहुधा रामोशी करत, वेशीवरची येसकरकी महारांकडे असे. रखवालदाराने रात्री फिरायचे, गावात आलेल्या-गेलेल्यावर नजर ठेवायची आणि चोरी झाली की माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला, तर तो त्या गावच्या रखवालदाराच्या हवाली करायचा. ज्या शिवेत माग संपेल, त्या गावावर चोरीचा माल भरून देण्याचा बोजा पडे.

ही व्यवस्था सोन्याची नव्हती. हे काम जातीने ठरलेले होते, ते नाकारण्याची मुभा रखवालदाराला नव्हती, आणि चोरी झाली की पहिला संशयही बहुधा त्याच्याच वस्तीवर जाई. तरी तिच्यात हिशेबाची एक गोष्ट पक्की होती. रखवालीचा मोबदला गावाच्या खळ्यावरून आणि इनाम जमिनीतून जात होता, आणि देणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव ठाऊक होते. चुकीची भरपाई कोणाकडे मागायची, हेही शिवेवरच्या दगडाइतके ठरलेले होते.

दुसरे उत्तर शिरूरच्या छावणीचे. घोडनदीच्या काठी इंग्रजांची फौज एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून होती. ३१ डिसेंबर १८१७ रोजी पुण्याहून कर्नल बरची कुमक पाठवण्याची मागणी आली आणि रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटन सुमारे आठशे माणसे व दोन तोफा घेऊन निघाला. सकाळी दहाच्या सुमारास तो कोरेगावजवळ भीमेकाठी पोहोचला. पुढे १ जानेवारी १८१८ ला जे घडले ते सर्वश्रुत आहे. आपल्या विषयापुरते पाहायचे, तर संकटाची हाक आणि तिला मिळालेला प्रतिसाद या दोन्ही गोष्टी या परिसरात पहिल्यांदा गावाच्या डोक्यावरून गेल्या. मागणी एका लष्करी अधिकाऱ्याची, हुकूम दुसऱ्याचा, आणि वाटेतली गावे केवळ वाट.

नव्या राज्यात जुन्या रखवालदारांचे काय झाले, याचे उत्तर शेजारच्या पुरंदरात मिळते. किल्ल्याची राखण आणि तिच्यासोबतचे हक्क गेल्यावर रामोशी समाज पेटून उठला. भिवडीचे उमाजी नाईक वर्षानुवर्षे इंग्रजांना हुलकावणी देत राहिले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेले. ज्यांच्या जिवावर रखवाली चाले, त्यांनाच नवे सरकार आता बंदोबस्ताचा विषय मानू लागले होते.

१८६७ साली मुंबई सरकारने एकापाठोपाठ दोन कायदे केले. सातवा कायदा जिल्हा पोलिसांचा, आठवा गावपोलिसांचा. गणवेशातला पगारी शिपाई जिल्ह्याच्या सुपरिंटेंडेंटचा झाला, आणि पोलीस पाटील गावातच राहिला तरी त्याची मान मॅजिस्ट्रेटच्या हाती गेली. त्याने बातमी वर कळवायची. गावाला उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर उरले नाही.

याच सुमारास दौंडकडून तिसरे उत्तर येत होते. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५८ ते १८६० या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग उघडला आणि दौंड जंक्शन झाले. रुळांसोबत तारेचे खांब आले. शिरूरला रेल्वे आली नाही, आजही नाही. तेथे सडक आणि घोडा, येथे रूळ आणि तार, असे या जोड-तालुक्यांचे दोन स्वभाव बनले.

पण तार कोणाची बातमी नेई? डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांच्या मालमत्तेवर हुकूमनामा बजावून घेतला आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, पाणक्या, शेतमजूर कोणीही त्यांच्या दारी जाईना. ही बातमी तारेने पसरली नाही. ती आठवडी बाजारांनी आणि सोयरिकीच्या वाटांनी गावोगाव गेली, आणि पाच महिन्यांनी सुप्याच्या बाजारी पेटली. सरकारची बातमी वेगवान झाली होती, तरी तिचा माग गावातून सुरूच होत नव्हता. पाटील वर काय कळवतो त्यावर सगळे अवलंबून होते, आणि पाटलाचे भाऊबंद त्याच सावकाराच्या वहीत होते.

दंगे भीमथडी, शिरूर, इंदापूर, हवेलीत आणि पलीकडे नगर जिल्ह्यात पसरले. पुणे जिल्ह्यात ५५९ आणि नगर जिल्ह्यात ३९२ माणसे पकडली गेली. पैकी अनुक्रमे ३०१ आणि २०० जणांना शिक्षा झाल्या. लष्कराला बोलावले गेले. त्यानंतर जे झाले ते माझ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे : दंगेखोर ठरलेल्या गावांत जादा पोलीस बसवण्यात आले आणि त्यांचा खर्च त्याच गावांवर लादण्यात आला.

रखवालीचा खर्च गाव पूर्वीही सोसत होते. आता पैसे गावाचे, पण शिपाई परका. तो किती दिवस राहणार, काय करणार, केव्हा उठणार, हे गावाला विचारायची सोय नव्हती. खळ्यावरच्या बलुत्याला निदान समोरचा माणूस होता. या नव्या आकारणीला फक्त पावती होती.

सरकारने दंग्यांची चौकशी करायला आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात कर्जाचा विचार झाला. रखवालीच्या हिशेबाचा झाला नाही. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी साथीदारांसह पहिला छापा घातला तो शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर. पुढे पाच महिने सरकारची पथके त्यांच्या मागावर होती आणि जुलैत ते पकडले गेले. सरकारला जिथे पोहोचायचेच असते तिथे ते पोहोचते, हे त्या वर्षाने दाखवले.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने, मुलकी पाटीलकी १९६३ च्या आरंभी. जातीच्या खुंटीला बांधलेली रखवाली संपली, हे चांगलेच झाले. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील मानधनावर नेमला जाऊ लागला. नेमणूक महसुली अधिकाऱ्याकडून होते, ग्रामसभेकडून नव्हे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी यांचा कारभार लोकांनी निवडलेल्यांकडे आला. पोलीस त्यात नव्हते. १९५१ च्या पोलीस अधिनियमातील कलम १७ नुसार जिल्ह्यातील पोलीस दलावरचे सर्वसाधारण नियंत्रण जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे राहिले, आणि अशांत ठरवलेल्या भागात रहिवाशांच्या खर्चाने जादा पोलीस नेमण्याची तरतूद कलम ५० मध्ये कायम राहिली. सुप्याची पावती कायद्याच्या पुस्तकात अशी टिकून आहे.

दौंडमध्ये एक विरोधाभास रोज डोळ्यांसमोर असतो. राज्य राखीव पोलीस दलाचे पाचव्या आणि सातव्या क्रमांकाचे गट येथे आहेत, जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. गणवेशातल्या माणसांची दौंडला वाण नाही. पण ते मनुष्यबळ राज्याचे. निवडणूक, यात्रा, मोर्चा, जिथे हुकूम होईल तिथे ते जाणार. यवत हद्दीतल्या एखाद्या वस्तीवर रात्री दरोडेखोर आले, तर धावायचे आहे ते यवत ठाण्याच्या गाडीने.

आणि ती गाडी हलते कशी? २०२१ पासून महाराष्ट्रात ११२ हा क्रमांक चालू आहे. शिरूरच्या वाडीतून लावलेला फोन आधी राज्याच्या केंद्रात जातो. मुख्य केंद्र नवी मुंबईत, दुसरे नागपुरात. तिथून तो पुणे ग्रामीणच्या नियंत्रण कक्षाकडे आणि तिथून जवळच्या गाडीतल्या पडद्यावर येतो. फोन कधी आला, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली, याची मिनिटामिनिटाची नोंद यंत्र ठेवते. रखवालीचा इतका बारीक हिशेब या मुलखात पूर्वी कधीच लिहिला गेला नव्हता. तो वाचायला वरचे अधिकारी आहेत. पुणे ग्रामीणचे अधीक्षक कोल्हापूर परिक्षेत्राच्या महानिरीक्षकांना उत्तर देतात. शिरूरच्या पंचायत समितीसमोर तो हिशेब ठेवण्याचे बंधन कोणावर नाही.

यासोबतच या भागात ग्राम सुरक्षा यंत्रणाही वापरात आहे. संकटात सापडलेल्याने एका क्रमांकावर फोन केला, की त्याच्याच आवाजातला निरोप गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या फोनवर एकदम वाजतो. चोर आले, आग लागली, उसात बिबट्या दिसला. माणसे काठ्या-बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात. मला यात जुन्या येसकराची आरोळी ऐकू येते. सरकारी गाडीला अंतर कापायचे असते. तोवर शेजारीच धावतो, हे सत्य दोनशे वर्षांत बदललेले नाही.

इतरत्र हा हिशेब कसा ठेवतात? अमेरिकेत ९११ वरचा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातल्या हेलिव्हिल या लहान गावात लागला. तिथे अशी केंद्रे बरेचदा काउंटी, म्हणजे साधारण जिल्हा पातळीवर चालतात. वायरलेस संच, गाड्या, फोन घेणारी माणसे यांचा खर्च काउंटीचे निवडून आलेले मंडळ खुल्या बैठकीत मंजूर करते आणि शेरीफही बहुतेक ठिकाणी मतदानाने येतो. या पद्धतीचे तोटे आहेत. मते मागणारा शेरीफ मते देणाऱ्यांकडेच पाहतो, आणि आपल्याकडे गावकीचे राजकारण ठाण्यात शिरले तर दुबळ्याला दाद मिळणे आणखी अवघड होईल. कर्ड्याचा बहिष्कार आणि सुप्याची आग आठवली, तरी गावाच्या हाती पोलीस द्यावेत असे मी म्हणणार नाही. अल्पसंख्य माणसाला गावापासूनही संरक्षण लागते.

पण हुकूम हाती असणे वेगळे आणि हिशेब पाहणे वेगळे. आपल्याकडे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती आहे. तिच्या निधीतून पोलिसांना गाड्या मिळतात, सीसीटीव्ही बसतात. गाडीची खरेदी लोकप्रतिनिधींसमोर येते, ती गाडी हाकेला किती मिनिटांत पोहोचली हे येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग निकालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्याबरोबर जिल्हा पातळीवरही प्राधिकरणे सांगितली होती. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीत राज्य आणि विभाग एवढ्याच पायऱ्या ठेवल्या. तिथेही प्रश्न गैरवर्तनाचा, उशिराचा नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड, यवत या ठाण्यांच्या हद्दीत दर महिन्याला ११२ वर किती हाका आल्या आणि सरासरी किती वेळात गाडी पोहोचली, एवढे दोन आकडे, फोन करणाऱ्याची ओळख न उघडता, तालुक्याच्या पंचायत समितीत वाचून दाखवावेत. कोणती वस्ती नेहमी मागे राहते, ते सहा महिन्यांत दिसेल. तिथे चौकी हवी, रस्ता हवा की मोबाइलचा मनोरा, हे मग वाद घालून ठरवता येईल.

१८७५ च्या मे महिन्यात सुप्याहून पुण्याला किती वेळात काय कळले, हे आज इतिहासकाराला पत्रांच्या तारखांवरून जुळवत बसावे लागते. आजच्या प्रत्येक हाकेची वेळ सेकंदासह नोंदलेली आहे. ती नोंद पाहायला हाक मारणाऱ्याच्या नातवंडांना शंभर वर्षे थांबावे लागू नये.