कठीण भुईवरचा बर्फ

बिदरच्या पठारावर पौषातला गारठा कितीही झोंबला, तरी अंगणात ओतलेले पाणी रात्रीतून गोठेल आणि सकाळी त्यावर माणसे घसरत खेळतील, ही कल्पना आपल्याकडे कुणाला सुचणार नाही. तथापि उष्ण मानल्या गेलेल्या या देशात उघड्या भुईवर बर्फ धरण्याची विद्या जुनी आहे. तिचा थोडा परिचय करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबाद परिसरातील बर्फनिर्मितीचे वर्णन प्रसिद्ध केले. मोकळ्या माळावर सुमारे ३० फूट चौरस व २ फूट खोल खड्डे खणीत. तळाशी ऊस किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरीत आणि त्यांवर झिलई नसलेली उथळ मातीची परळे मांडीत. सांजवेळी त्यांत पाणी भरीत व सूर्योदयापूर्वी बर्फ वेचीत. निरभ्र रात्री पाण्याची उष्णता आकाशाकडे निघून जाते आणि खालची ताटे जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत. उष्णतेच्या या उत्सर्जनाचा उलगडा विल्यम वेल्स यांनी १८१४ साली दवावरील निबंधात केला.

हेच तत्त्व शिमल्यास मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडले. तेथे १९२० साली ब्लेसिंग्टन नामक गृहस्थांनी टेनिसच्या मैदानावर पाणी सोडून स्केटिंगचे मैदान सिद्ध केले. टेनिसची भुई मुळातच सपाट व ठोकून घट्ट केलेली. तीवर पाणी सर्वत्र सारखे पसरते. मात्र ते एकदम ओतून चालत नाही. पातळ थर द्यावा, तो गोठू द्यावा, मग दुसरा चढवावा. आभाळ भरून आले, की रात्रीची मेहनत वाया जाते.

आपल्या पठारावर थंडी तेवढी नाही, आणि भुईचा स्वभावही निराळा. जांभा वरून कठीण, पण आतून सच्छिद्र. तो पाणी पिऊन टाकतो. म्हणूनच बिदरच्या पूर्वजांनी पाणी वर पसरण्याऐवजी खडकाच्या पोटातून सुरंग बावीने वाहविले. भूमी ओळखूनच दोन्हीकडे पाण्याला वळण दिले गेले.

अलीकडे हिवाळे उबदार होत चालल्याने शिमल्याच्या नैसर्गिक बर्फाचे दिवस घटले आहेत. तरी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. १९४७ नंतर इंग्रज निघून गेले. खेळ मात्र गेला नाही. कारण रात्री थर देणारे हात तेथल्याच माणसांचे होते. १९५६ च्या प्रांतरचनेत बिदर जिल्हा विभागला गेला, त्यानंतरही आपल्या घरांतून मराठी बोलली व लिहिली गेली, ती अशाच रोजच्या जतनामुळे. बाहेरून आलेली वस्तू कोणी आणली, याची नोंद इतिहास ठेवतो. ती टिकविणाऱ्यांची नोंद मात्र आपणच ठेवावी लागते.