पायापुरता उजेड

आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालायच्या बॅटरीला सेल. शाळेच्या पुस्तकात विजेरी असा शब्द होता, पण तो पुस्तकातच राहिला.

बॅटरीच्या आधी वस्तीवर कंदील होता. सांजच्याला काच राखेनं पुसायची, वात कातरायची, रॉकेल बेतानं घालायचं, हे काम आईचं. कंदिलाचा उजेड काही मोठा नव्हता. दहा पावलांवरचा माणूस आवाजावरनं ओळखावा लागायचा. पण तो उजेड चौफेर पडायचा. कंदील हातात धरून चाललं की पुढचा पाय, पाट आणि बांध एकदमच दिसायचे.

मग आण्णांनी बाजारातनं दोन सेलची बॅटरी आणली. दीड-दीड व्होल्टचे दोन सेल, पुढं बारका बल्ब, त्याच्या मागं चकचकीत वाटी आणि वर काच. बल्बचा फाकणारा उजेड गोळा करून एका दिशेला धाडायचा, एवढंच त्या वाटीचं काम. सेल उतरले की आम्ही ते उन्हात ठेवायचो, म्हणजे अजून दोन रात्री निघायच्या. उजेड पिवळा असला तरी झोताच्या भोवती फिकट कडं पडायचं आणि त्यात पाय दिसायचे.

१९७१ च्या डिसेंबरात लढाई लागली, तेव्हा गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा केलेला आम्ही पोरांनी बघितला. नुसता उजेड असून भागत नाही, तो कुठं पडतो हेही बघावं लागतं, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं.

पुढं विहिरीवर मोटर बसली. तिच्यामागनं भारनियमन आलं आणि पिकाला पाणी द्यायची वेळ आपल्या हातात राहिली नाही. शेतीपंपाची वीज आळीपाळीनं कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की बारा वाजता उठायचं आणि उसात दारं धरायला जायचं. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी.

याच काळात एलईडी आला. जपानात जन्मलेल्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांनी निळा एलईडी साधला आणि त्यावरनं पांढरा उजेड करता आला. २०१४ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या शोधाची फळं आमच्या आठवडी बाजारात पोचली. बोटभर लांबीची बॅटरी, एक सेल, आणि झोत पार शेजारच्या शिवारात. पुढचं भिंग ओढलं की जमिनीवर लख्ख पांढरा चौकोन पडतो. ती आतल्या चौकोनी चिपचीच प्रतिमा असते.

पण या चौकोनाच्या बाहेर काळाकुट्ट अंधार. लख्ख उजेडानं डोळ्याची बाहुली आवळते, त्यामुळं कडेचा अंधार आणखीच दाट वाटतो. घोणस तर पळत नाही, पाचटात वेटोळं करून जागेवर बसते. आमच्या शेजारच्या वस्तीवरचा पोरगा असाच दारं धरायला गेला. झोत पुढच्या सरीत, घोणस पायाशी. वेळेवर दवाखान्यात नेला, सापाची लस मिळाली, म्हणून वाचला. त्यानंतर मी बॅटरीचा झोत फोडायच्या मागं लागलो.

आधी रुमाल बांधून बघितला, त्यानं उजेडच गिळला. दुधाची पिशवी रबरानं ताणून लावली, तर छपाईचे रंग आडवे आले. मग गावातल्या फोटोवाल्याकडं कॅमेऱ्याच्या रोलची दुधी रंगाची रिकामी डबी मिळाली. ती बॅटरीच्या तोंडाला ढिली होत होती. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बॅटरीच्या डोक्यावर दोन वेढे दिले, तेव्हा डबी घट्ट बसली. ब्लेडनं ती अंगठ्याएवढी आखूड केली, बूड तसंच ठेवलं आणि आतनं पॉलिश पेपर मारला. खरखरीत झालेल्या प्लास्टिकातनं उजेड सगळीकडं विखुरतो.

झोत मोडला. लांबचं दिसणं गेलं, उजेड आठ-दहा पावलांवर आला, पण या अंतरातली सरी, वरंबा, पाचट आणि स्वतःचे दोन्ही पाय सारखे दिसायला लागले. डबी सुतळीनं बॅटरीच्या कडीलाच बांधली. रानडुकराची चाहूल लागली की उपसायची, लांब झोत टाकायचा, परत बसवायची. गाय व्यायला झाली की हीच बॅटरी गोठ्यात उभी टेकवून ठेवतो. जनावराच्या डोळ्यांवर तिरीप जात नाही आणि आपले दोन्ही हात मोकळे राहतात. म्हणजे फिरून कंदीलच झाला, बिनरॉकेलचा.

आता रोलचे कॅमेरे गेले, डब्याही गेल्या. गोळ्यांच्या बाटलीचं दुधी टोपण चालतं. बोटाआड धरून बघावं, बोटाची सावली पुसट दिसली तर ते कामाचं. ढिलं झालं तर ट्यूबची पट्टी आहेच. मात्र टोपण बसवलं म्हणून गमबूट आणि काठी घरी ठेवू नये. आणि साप चावलाच तर देवऋष्याकडं न जाता थेट दवाखाना गाठावा.

दिवसा वीज द्यायची म्हणून सौर वाहिनीची योजना २०१७ साली निघाली. ती ज्या शिवारात पोचली तिथली माणसं रात्री झोपतात. बाकीच्यांनी तोवर टोपण जपून ठेवावं.