रिमोटची मोटार मोडली? चिकटवण्याआधी प्लास्टिक ओळखा

पुणे-लोणावळा लोकल मार्गावर देहूरोड आणि घोरावाडी या स्थानकांच्या मध्ये बेगडेवाडी येते. येथील एखाद्या घरातील रेडिओ-नियंत्रित, म्हणजेच बोलीभाषेत 'रिमोटच्या' मोटारीचा भाग मोडला, तर वायर, मोटार, स्विच असे विजेचे सामान पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळू शकते. परंतु त्याच मॉडेलचा प्लास्टिकचा सुटा भाग मिळेलच, याची खात्री नसते. स्वस्त खेळण्यांचे असे भाग तर बहुधा स्वतंत्र विकलेच जात नाहीत. परिणामी बोटभर तुकड्यापायी चांगली चालणारी गाडी माळ्यावर जाऊन पडते. वास्तविक यांपैकी अनेक भाग घरी दुरुस्त होऊ शकतात. मात्र हाती येईल तो गोंद लावण्यापूर्वी मोडलेले प्लास्टिक कोणते, हे ठरवणे अगत्याचे आहे.

प्लास्टिकची पारख

भागाच्या आतल्या बाजूस पुष्कळदा इंग्रजी आद्याक्षरे कोरलेली असतात. एबीएस, पीए (नायलॉन), पीसी (पॉलिकार्बोनेट) आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन) ही त्यांतील प्रमुख होत. पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकणच्या वाहन-उद्योगालाही हीच प्लास्टिके लागतात. खऱ्या मोटारीचा बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, तर रेडिएटरच्या कडेच्या टाक्या काचतंतूमिश्रित नायलॉनच्या असतात.

अक्षरे नसल्यास छोटा तुकडा पाण्यात टाकून पाहावा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्याहून हलके असल्याने तरंगतात. एबीएस, नायलॉन आणि पॉलिकार्बोनेट बुडतात. तुकडा जाळून वास घेण्याची रीत धुरामुळे अपायकारक असल्याने टाळावी.

कशाला कोणता उपाय?

एबीएस : खेळण्यातील मोटारींची चॅसिस आणि बॉडी बहुधा याच प्लास्टिकची असते. हे ॲसिटोनमध्ये विरघळते. त्याच प्लास्टिकचे निरुपयोगी तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवल्यास दाट लगदा तयार होतो. तो चिरेत भरून भाग दाबून बांधावा आणि किमान एक दिवस हलवू नये. येथे केवळ गोंद लागत नाही, तर प्लास्टिक एकमेकांत मिसळून सांधा होतो.

पॉलिकार्बोनेट : छंदासाठीच्या महागड्या मॉडेलची पातळ, रंगवलेली बॉडी याची असते. चीर जेथे संपते तेथे दोन मिलिमीटरचे छिद्र पाडावे. त्यामुळे टोकावरचा ताण विखुरतो आणि चीर पुढे सरकत नाही. मग आतून काचतंतूची जाळीदार पट्टी लवचीक रबरी गोंदाने बसवावी. गोंद आधी टाकाऊ कोपऱ्यावर लावून पाहावा. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल आणि स्क्रू घट्ट धरणारे द्रव यांमुळे या प्लास्टिकला तडे जातात.

नायलॉन : चाकांना धरणारे सस्पेन्शन आर्म बहुधा याचे असतात. गोंद यावर नीट धरत नाही. हाड मोडल्यावर फळ्या बांधतात, त्याप्रमाणे दोन्ही बाजूंस ॲल्युमिनिअमची पातळ पट्टी ठेवून बारीक स्क्रू-नटने आवळावी.

पॉलिप्रॉपिलीन : यावर नेहमीचे गोंद टिकत नाहीत. सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने त्याच प्लास्टिकची काडी वितळवून सांधा भरणे, हाच भरवशाचा मार्ग.

झटपट गोंदाची मर्यादा

फेविक्विकसारख्या गोंदातील सायनोॲक्रिलेट हे रसायन अमेरिकेत 1942 मध्ये हॅरी कूवर यांच्या हाती लागले आणि 1958 पासून ते बाजारात आले. हवेतील ओलाव्यामुळे ते क्षणात घट्ट होते. सरळ ओढ ते चांगली सोसते. धक्का मात्र सोसत नाही, आणि मोटारीच्या वाट्याला धक्केच अधिक येतात. म्हणून ते शोभेच्या भागांपुरते ठेवावे. फट असल्यास चिमूटभर खाण्याचा सोडा भुरभुरावा. मात्र त्या वेळी सांधा बराच तापतो. धक्क्याच्या जागी दोन नळ्यांतील इपॉक्सी बरा. त्याआधी पृष्ठभाग पॉलिश-पेपरने खरवडून तेलकटपणा पुसणे आवश्यक आहे.

दुरुस्ती कोठे थांबवावी?

सुकाणूचे दुवे, चाकाचा आस धरणारे भाग आणि गिअर यांची दुरुस्ती तात्पुरतीच समजावी. वेगात असताना यांपैकी काही निसटल्यास मोटार ताब्यात राहत नाही आणि आजूबाजूच्या मुलांना इजा होऊ शकते. असे भाग बदलणेच योग्य. मूळ भाग मिळत नसल्यास त्रिमितीय छपाईने तो करून घेता येतो.

नवा नायलॉनचा भाग बसवण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे पाण्यात उकळून त्याच पाण्यात थंड होऊ द्यावा. नायलॉन पाणी शोषून घेते आणि त्यामुळे काहीसे लवचीक होते. कोरडा भाग अधिक ठिसूळ असतो. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनवर हा परिणाम कमी दिसतो. उकळण्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये.

कामाला बसण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी, खिडक्या उघडाव्यात आणि ॲसिटोन ज्वालेपासून दूर ठेवावे. वितळवण्याचे काम मोठ्यांनीच करावे. दुरुस्त मोटार प्रथम गवतावर, कमी वेगाने चालवून पाहावी. सांधा तेथे टिकला, तरच ती डांबरी रस्त्यावर न्यावी.