आमची बचत गेली कुठे?

मी मालेगावच्या एका उर्दू शाळेत सातवी-आठवीच्या मुलींना इतिहास शिकवते. गेल्या वर्षी एका तासाला, धड्याच्या बाहेर जाऊन, मी वर्गाला सहज विचारले की तुमच्या घरी अडीअडचणीचा पैसा कुठे ठेवतात? हात भराभर वर झाले. अम्मीच्या तांदळाच्या डब्यात. भिशीत. नानीच्या कानात. एकीने सांगितले, "सेठके पास." आणि मागच्या बाकावरची एक मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, "मॅडम, बचता ही नहीं."

वर्ग हसला. तीही हसली. मी मात्र स्टाफरूममध्ये आले ती हे वाक्य डोक्यात घेऊनच. तिथे चहा चालू होता. मी विषय काढला तेव्हा दोन उत्तरे लगेच मिळाली. एक सहकारी म्हणाले, सूद हराम आहे म्हणून आपली माणसे बँकेत जात नाहीत. दुसऱ्या बाई म्हणाल्या, लग्नात उधळतात, मग राहणार कुठून? ही दोन उत्तरे आपण इतक्या वेळा ऐकली आहेत की ती तपासून पाहायची असतात हेच विसरलो आहोत. आपल्याबद्दल बाहेरचे लोक हेच बोलतात आणि आपणही आपल्याबद्दल हेच बोलतो. त्यात थोडे खरे आहे. पण इतिहासाची पाने उलटली की ही उत्तरे फार तोकडी पडतात.

आमच्या गावाचेच पाहू. 1740 च्या सुमारास नारोशंकरांनी इथे किल्ला बांधला तेव्हापासून बाहेरचे कारागीर येत राहिले. पण आज ज्यांच्या मागांवर गाव चालते त्या मोमीन-अन्सारी विणकरांचा मोठा लोंढा आला तो 1857 च्या बंडानंतर आणि 1862 च्या दुष्काळानंतर, बनारसकडून, आग्रा रोडने, उत्तरेतून दक्षिणेकडे. अशी माणसे बरोबर काय आणू शकतात? जमीन आणता येत नाही. घर आणता येत नाही. फणी आणि धोटा आणता येतो, हातातला हुन्नर आणता येतो, आणि बाईच्या अंगावरची चांदी आणता येते. आपल्या समाजातल्या 'बचती'चा पहिला अर्थ इथेच ठरला असे मला वाटते. जे उचलून निघता येईल ते आपले.

त्यातही वेळ वाईट होती. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस विलायतेला जाणे थांबले आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. कापूस विकणाऱ्याची चांदी झाली, पण सूत विकत घेऊन विणणाऱ्याचे काय? महाग सूत रोखीने घेणे त्याला शक्य नव्हते. ते व्यापाऱ्याकडून उधार घ्यायचे, लुगडे विणून त्यालाच द्यायचे, सुताचे पैसे कापून उरेल ती मजुरी घरी आणायची. ही रीत एकदा पडली ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. 1942 मध्ये डॉ. पी. जे. थॉमस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभरातल्या हातमाग विणकरांची पाहणी केली, तेव्हाही महाजनाच्या कर्जात अडकलेला विणकर हेच चित्र दिसले. पुढच्याच वर्षी कापड आणि सुतावर सरकारी नियंत्रण आले आणि सुताचा काळा बाजार सुरू झाला. माझे आजोबा त्या काळात लहान होते. ते सांगत की त्यांचे अब्बा सुतासाठी सकाळी रांगेत उभे राहत आणि सूत मिळाले नाही तर त्या दिवशी माग बंद. माग बंद म्हणजे चूलही अर्धी बंद.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण नोकरदार वाचकांच्या ती लवकर लक्षात येत नाही. महिन्याचा पगार आणि आठवड्याची मजुरी यांत फक्त दिवसांचा फरक नाही. मला पगार मिळतो, तो ठरलेला आहे, आजारी पडले तरी मिळतो. त्यामुळे पुढच्या महिन्याचा हिशेब मी आज करू शकते. यंत्रमागावरच्या कामगाराला मजुरी मिळते ती कापडाच्या मापावर. बारा तासांची पाळी, सहा-आठ माग सांभाळायचे. वीज गेली तर कापड नाही, बीम संपले तर कापड नाही, सुताचा भाव चढला म्हणून मालकाने माग थांबवले तरी कापड नाही. आमच्या घरी हप्ता जुमेरातच्या संध्याकाळी यायचा. जुम्म्याला सुटी आणि बाजार. शनिवारी किराणेवाल्याची वही चुकती व्हायची आणि मंगळवारपासून त्याच वहीत नवे आकडे सुरू. ज्याची मिळकत आठवड्याला बदलते तो माणूस आधी उधारी फेडतो, बचत करीत नाही. त्याची खरी बचत म्हणजे किराणेवाल्याजवळची पत.

आणि वहीने भागले नाही तर मालकाकडून उचल. लग्न, बाळंतपण, आजारपण, ईद, जे निघेल त्यासाठी. उचल फिटेपर्यंत त्या कारखान्यातून दुसरीकडे जाता येत नाही, गेलात तर नव्या मालकाने जुन्याचे देणे भरायचे. माझ्या वर्गातली जी मुलगी "सेठके पास" म्हणाली, तिने भाबडेपणाने ते बचत म्हणून सांगितले. प्रत्यक्षात तिच्या वडिलांचे सेठकडे काही नव्हते, सेठचेच त्यांच्याकडे होते.

हे फक्त आपल्यातच आहे असे समजण्याचे कारण नाही. 1929 साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने हिंदुस्थानातल्या कामगारांची स्थिती तपासून 1931 मध्ये अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन तृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या मजुरीहून जास्त आहे असे त्यात म्हटले आहे. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, सगळेच होते. व्याजाचा एक सर्रास दर होता रुपयाला महिना एक आणा. हा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडते. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे सोळा महिन्यांत मुद्दलाइतके व्याज, वर्षाला 75 टक्के. मुद्दल तसेच उभे. मुली आधी हसतात, मग वहीत उतरवून घेतात.

आता सुदाचा प्रश्न. त्याला बगल देऊन चालणार नाही.

1873 मध्ये सरकारी बचत बँकांचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1882 पासून पोस्टाची बचत बँक सुरू झाली. गरिबाला चार आणे ठेवता येतील अशी ही पहिली जागा. दीनदार मुसलमानाला मात्र प्रश्न पडला की पोस्ट वर्षाअखेर जे जादा पैसे लिहिते ते घ्यायचे की नाही? कुणी म्हणाले रिबा तो रिबाच. सर सय्यद अहमद खान यांच्यासारख्यांचे मत वेगळे होते. गरजूला पिळून घेतलेला सूद आणि असे साधे व्याज यांत ते फरक करीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तमध्येही पोस्टाच्या खात्यावरून हाच वाद झाला आणि रशीद रझा यांच्या 'अल-मनार'मध्ये त्याची चर्चा झाली. म्हणजे हा पेच मालेगाव-भिवंडीच्या अडाणीपणातून निघालेला नव्हता, मोठमोठे आलिम त्यात गुंतले होते. या वादाचा निकाल देण्याची माझी पात्रता नाही आणि या लेखाला त्याची गरजही नाही.

मला खटकते ते वेगळेच. आपल्या माणसाने व्याज घेतले नाही, पण दिले मात्र आयुष्यभर. सावकाराला दिले, पठाणाला दिले, सुताच्या व्यापाऱ्याला भावात मिसळून दिले. शरीअतमध्ये घेणे आणि देणे दोन्हींना मनाई आहे. परंतु घेण्याचे टाळणे स्वतःच्या हातात असते, देण्याचे टाळायला आधी गाठीला काही असावे लागते. ज्याला पोस्टात पाच रुपये ठेवायला संकोच वाटला तोच मुलीच्या आजारपणात रुपयाला आणा देऊन आला. यात मला त्याचा दोष दिसत नाही. त्याच्यापुढे तिसरा दरवाजा नव्हता इतकेच.

तिसरा दरवाजा उघडण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मुंबईत 1939 मध्ये बॉम्बे मर्कंटाईल को-ऑपरेटिव्ह बँक उभी राहिली आणि छोट्या दुकानदारांना आपली वाटेल अशी बँक मिळाली. 1961 मध्ये देवबंदला मुस्लिम फंड निघाला. 1976 मध्ये मुंबईत बैतुन्नस्र ही बिनव्याजी पतसंस्था सुरू झाली. घरोघर फिरून दोन-पाच रुपये गोळा करणे आणि सोने तारण ठेवून बिनव्याजी कर्ज देणे, अशा संस्थांची रीत साधीच होती. पुढे या क्षेत्रात नफ्याची लालूच दाखवणारेही शिरले. 2019 च्या जूनमध्ये बेंगळुरूची आय.एम.ए. ही कंपनी कोसळली तेव्हा 'हलाल गुंतवणूक' या शब्दावर भरवसा ठेवून दागिने मोडलेल्या हजारो घरांची पुंजी बुडाली. बँकेवर विश्वास नव्हता म्हणून तिकडे गेलेली माणसे ती. हिशेब न विचारता विश्वास टाकण्याची आपली सवय इथे आपल्याला नडली, हे कबूल केले पाहिजे.

आणि बँका? 19 जुलै 1969 ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, गरिबांसाठी बँक असे सांगितले गेले. 2006 च्या नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा वेगळेच चित्र पुढे आले. 2001 च्या जनगणनेनुसार देशात मुसलमान 13.4 टक्के. अग्रक्रम क्षेत्रातल्या कर्जखात्यांच्या संख्येत त्यांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्याहून फारसा कमी नव्हता, मात्र कर्जाच्या रकमेत तो पाच टक्क्यांहूनही कमी भरला. याचा सरळ अर्थ असा की माणसे बँकेच्या दारात गेली होती. समितीने हेही नोंदवले की काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांचे भाग 'नकारात्मक' ठरवून ठेवले होते, तिथे कर्ज सहज द्यायचे नाही. माझ्या एका मामूंनी चार यंत्रमाग घेण्यासाठी एका बँकेत अर्ज केला होता. साहेबांनी कागद पाहिले, पत्ता वाचला आणि अर्ज परत सरकवला. मामूंनी शेवटी मामीच्या बांगड्या मोडल्या. 'सूद हराम म्हणून बँकेत जात नाहीत' हे वाक्य मी ऐकते तेव्हा मला त्या बांगड्या आठवतात.

बिनव्याजी बँकिंगचा विचार सरकारदरबारीही झाला. 2008 मध्ये रघुराम राजन समितीने तशी शिफारस केली, नंतर रिझर्व्ह बँकेच्या समितीनेही 2015 मध्ये बँकांत वेगळी खिडकी सुचवली. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय बंद केल्याचे सांगितले.

जे साठले तेही टिकले कुठे? मे 1970 मध्ये भिवंडी आणि जळगावला आग लागली, 1984 च्या मे महिन्यात पुन्हा भिवंडी. यंत्रमाग ही विणकराची मुदत ठेवच असते. वीस वर्षांची बचत लोखंड होऊन कारखान्यात उभी असते, आणि एका रात्रीत ती भंगार होते. 8 नोव्हेंबर 2016 ला मोठ्या नोटा रद्द झाल्या तेव्हा हप्ता रोखीने वाटणारी आमची सगळी गल्ली आठवडेच्या आठवडे थंड पडली. तांदळाच्या डब्यांतून नोटा बाहेर आल्या. कितीतरी बायकांनी नवऱ्यापासून लपवून ठेवलेले त्या दिवसांत त्यांच्याच हातात द्यावे लागले. मार्च 2020 च्या टाळेबंदीत तर माग पूर्ण थांबले. तेव्हा डब्यात काहीच नव्हते.

लग्नाचा खर्च मी विसरलेले नाही. हल्ली मंडप आणि बिर्याणीच्या देगा वाढल्या आहेत, त्यावर बोलायला हवे आणि मी बोलतेही. पण कर्ज काढून लग्न करणारा बाप उधळ्याच असतो असे नाही. बिरादरीत इज्जत असेल तरच उद्या कुणी उसने देईल, हे त्याला पक्के ठाऊक असते.

राहता राहिली भिशी. वीस बायका, महिना पाचशे, चिठ्ठी निघेल तिला दहा हजार. ना कागद, ना व्याज, ना साहेब. आमच्या मोहल्ल्यात रमजानच्या आधी चिठ्ठी निघावी म्हणून दुआ मागतात. लिलावाची भिशी निघाली आणि तिच्यात मागल्या दाराने सूद आला, हे बायकांना सांगितले तर त्या म्हणतात, "हमारी चिठ्ठीवाली है." ती मोडते कधी? एखादीच्या घरचा माग थांबला आणि तिचा हप्ता चुकला की. म्हणजे पुन्हा तेच.

माझी दादी 2011 मध्ये गेली. तिच्या पेटीत पोस्टाचे एक पासबुक निघाले, हे घरात कुणालाच माहीत नव्हते. ती आयुष्यभर कांड्या भरायची, त्यातले पाच-दहा रुपये टाकत गेलेली. दर वर्षी जूनमध्ये जवळजवळ सगळे काढलेले, कारण शाळा उघडायच्या. शिल्लक शंभराच्या वर क्वचितच गेलेली. अधूनमधून पोस्टमास्तरच्या अक्षरात व्याजाची नोंद होती, तीन रुपये, चार रुपये. त्या नोंदीनंतर काही दिवसांत तितकीच रक्कम काढलेली दिसते. अब्बांनी पाहिले आणि म्हणाले, मशिदीबाहेर बसणाऱ्या त्या आंधळ्या बाबाला अम्मी दर वर्षी काहीतरी द्यायची, कुठून ते कधी सांगितले नाही.

शेवटच्या पानावर अकरा रुपये शिल्लक होते.