मुंबईचीं भाड्याचीं घरें

इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेगची सांथ आली आणि दाट वस्तीचा धोका सरकारास कळून चुकला. १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें गलिच्छ वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले व उत्तरेस दादर-माटुंग्याकडे नवें उपनगर आंखलें. परंतु ज्या मजुराचें घर मोडलें, त्यास तेथें जागा परवडेना. तें उपनगर मध्यमवर्गाचें झालें.

पहिल्या महायुद्धांत भाडीं इतकीं चढलीं कीं, १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. १९२० सालीं सरकारनें विकास खातें काढलें. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें २०७ चाळी उभ्या राहिल्या आणि खोल्या सुमारें सोळा हजार झाल्या. तरीहि वरळीच्या पुष्कळ खोल्या कित्येक वर्षें ओस पडल्या, आणि कामगार जुन्याच चाळींत दाटीनें राहिला. गिरणी दूर, बाजार दूर आणि भाडें पगाराच्या मानानें जड, मग तो जाणार कसा?

खोल्या किती बांधल्या हें सरकारनें मोजलें. त्या कोणास परवडतील हें मात्र आधीं पाहिलें नाहीं.