बगदादचे एक लॉ कॉलेज आणि त्याचा किताबखाना



'मदरसा' हा शब्द कानी पडला की आज आपल्या डोळ्यांपुढे लहान मुलांची रांग, पुढ्यातील रेहल आणि पाठांतराचा सूर असे चित्र उभे राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु इतिहासात ज्या संस्थेला मदरसा म्हणत ती संस्था ही नव्हे. लहान मुलांच्या शाळेला मकतब म्हणत. मदरसा म्हणजे जाणत्या वयाच्या विद्यार्थ्यांचे विद्यालय, आणि तेथील मुख्य विषय फिक्ह, म्हणजेच कायदा. खरेदी-विक्री, कर्ज, गहाण, भागीदारी, निकाह, तलाक, वारसा, वक्फ, साक्षीपुरावा हे सारे तेथे शिकवले जाई. शिकून बाहेर पडलेला तरुण काझी होई, मुफ्ती होई, नाहीतर दस्तऐवज लिहून देण्याचे काम करी. तेव्हा अशा संस्थेला आजच्या भाषेत लॉ कॉलेज म्हटले तर फारसे चुकणार नाही.

अशाच एका लॉ कॉलेजच्या ग्रंथालयाची हकीकत आपणांपुढे ठेवावयाची आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले आज वकिलीच्या किंवा अन्य परीक्षांचा अभ्यास करीत आहेत, त्यांनी ती जरा सावकाश वाचावी अशी विनंती आहे.

बगदादमध्ये मोठे मदरसे पूर्वीपासून होते. सल्जुक वजीर निजामुल्मुल्क याने काढलेला निजामिया मदरसा इ. स. १०६७ मध्ये सुरू झाला, आणि इमाम गझाली यांनी तेथे १०९१ पासून चार वर्षे अध्यापन केले. पण निजामियाचा दरवाजा एकाच मजहबच्या, म्हणजे शाफई पंथाच्या विद्यार्थ्यांसाठी होता. अब्बासी खलिफा मुस्तन्सिर याने पुढे वेगळा विचार केला. तैग्रिस नदीच्या पूर्व काठावर त्याने नवी इमारत उभारली आणि हनफी, शाफई, मालिकी व हंबली या चारही मजहबांचे शिक्षण एका छपराखाली आणले. हिजरी ६३१ च्या रज्जब महिन्यात, म्हणजे एप्रिल १२३४ मध्ये, तिचे उद्घाटन झाले. तिचे नाव मुस्तन्सिरिया. प्रत्येक मजहबचे ६२ विद्यार्थी, म्हणजे कायद्याचे एकूण २४८ विद्यार्थी असा आकडा एका जुन्या बखरीत आहे. काही ग्रंथकार प्रत्येकी ७५ म्हणतात. याखेरीज हदीसचा वर्ग होता, वैद्यकाचा होता, आणि कुरआन शिकण्यासाठी ३० अनाथ मुलांची सोय होती.

आता ग्रंथालयाकडे वळू. उद्घाटनाच्या वेळी ग्रंथ वाहून आणण्यासाठी १६० हमाल लागले असे ती बखर सांगते. नंतरच्या लेखकांनी ग्रंथांची संख्या ८०,००० दिली आहे, आणि आपल्याकडील अनेक व्याख्याते हाच आकडा मोठ्या अभिमानाने सांगतात. थोडा हिशेब करून पाहा. ८०,००० ग्रंथ १६० हमालांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला ५०० येतात. हाताने लिहिलेले, चामड्याच्या बांधणीतले ५०० ग्रंथ एका माणसाला एका खेपेत उचलता येणे शक्य नाही. पुढे भर पडत गेली असेल. तरीही माझ्यासारख्याचा विश्वास आकड्यापेक्षा हमालांवर अधिक बसतो. आपला वारसा मोठा ठरावा म्हणून आकडे फुगवण्याची काही गरज नाही. १६० ओझी ग्रंथ हीच त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

संख्येपेक्षा महत्त्वाची आहे ती व्यवस्था. ग्रंथ विषयवार लावले होते. हेतू हा की हवे ते पुस्तक चटकन सापडावे, शोधणाऱ्याला त्रास पडू नये. ग्रंथालयासाठी तीन नेमणुका होत्या: एक खाजिन, म्हणजे ग्रंथपाल, एक मुश्रिफ, म्हणजे देखरेख करणारा, आणि एक मुनाविल. हा मुनाविल म्हणजे विद्यार्थ्याने मागितलेले पुस्तक आणून त्याच्या हातात देणारा माणूस. एवढ्या एका कामासाठी वेगळा पगारी माणूस ठेवला होता! आपल्याकडे कित्येक ठिकाणी 'आमच्या शाळेत लायब्ररी आहे' असे सांगतात, कपाट दाखवतात, आणि कपाटाची किल्ली मात्र रजेवर गेलेल्या शिक्षकांच्या खिशात असते. बगदादच्या त्या मुनाविलची आठवण अशा वेळी हटकून होते.

ज्याला ग्रंथाची नक्कल करून घ्यावयाची असेल त्याला कागद आणि लेखण्या संस्थेकडून मिळत. छापखाना येण्यापूर्वीचा हा काळ, हे लक्षात घ्या. पुस्तक विकत घेणे म्हणजे कोणा लेखनिकाचे कित्येक दिवसांचे श्रम विकत घेणे; गरिबाला ते परवडणारे नव्हते. परंतु ज्याच्या हातात कागद, लेखणी आणि उघडे पुस्तक आले तो स्वतःच्या मेहनतीने ग्रंथाचा मालक होऊन घरी जाऊ शकत होता. पुढे तो दूरच्या गावी काझी झाला तर ते पुस्तकही त्याच्याबरोबर त्या गावी पोहोचे. म्हणून कागदाची ही सोय मला इमारतीच्या कोरीव विटांपेक्षा मोठी वाटते.

रात्रीच्या अभ्यासासाठी दिवे होते आणि दिव्यांना तेल होते. पाणी थंड ठेवण्याची सोय होती. विद्यार्थ्यांना रोजचे जेवण आणि दरमहा विद्यावेतन मिळे. त्यांच्यासाठी स्वतंत्र हम्माम होता. एक हकीम रोज सकाळी येऊन आजारी मुलांना तपासून औषध देई. खलिफाने आपल्यासाठी इमारतीला लागून एक बैठक बांधून घेतली होती. तिची खिडकी एका दालनात उघडे आणि तिला पडदा होता. पडद्याआड बसून तो वर्ग ऐकत असे. राज्यकर्त्याने शाळा काढावी आणि पुढे मुलांच्या बरोबरीने धडाही ऐकावा, हे दृश्य दुर्मीळच. पुढे १२३५ च्या सुमारास मदरशासमोर एक नवलाचे घड्याळही बसवले गेले. तासातासाला त्यातील सोन्याचे ससाणे चोचीतून गोळ्या खाली टाकीत, आणि त्यावरून नमाजाची वेळ कळे.

एवढा खर्च चालत असे तो वक्फच्या उत्पन्नावर. जमिनी, दुकाने, वाडे यांचे उत्पन्न कायमचे बांधून दिलेले असे, आणि कोणाला किती द्यावयाचे हे ठरलेले असे. दिव्याचे तेल हीसुद्धा त्यात खर्चाची मान्य बाब होती. मुलाने परीक्षेत नंबर काढावा असे आपण सारेच म्हणतो. त्याच्या दिव्याच्या तेलाचा हिशेब कोणाच्या वहीत मांडला आहे, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

या ग्रंथालयाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे, आणि ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष मोलाचे वाटावे. तेथील ग्रंथपाल नुसते पुस्तके सांभाळीत बसले नाहीत. आपल्या शहरात काय घडते आहे ते त्यांनी लिहून ठेवले. इब्न अस्-साई (११९७-१२७६) हा निजामिया व मुस्तन्सिरिया या दोन्ही ठिकाणी ग्रंथपाल होता. त्याने सालवार इतिहास लिहिला: कोण काझी नेमला गेला, कोणाला काढले, कोणत्या मदरशात नवे मुदर्रिस आले, कोण वारले. आज त्या विस्तृत ग्रंथाचा एकच खंड उपलब्ध आहे. त्याचे एक छोटे पुस्तक खलिफांच्या घरातील स्त्रियांविषयी आहे; त्यांतील कित्येक जणी मूळच्या गुलाम होत्या, पण विद्येने, काव्याने आणि दानधर्माने नावाजल्या. २०१५ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. आपल्या कॉलेजातील मुलींनी ते अवश्य मिळवून वाचावे.

यानंतर आले हिजरी ६५६, म्हणजे इ. स. १२५८. त्या फेब्रुवारीत हुलागूच्या मंगोल फौजेने बगदाद घेतले. खलिफा मारला गेला, असंख्य माणसे मारली गेली. 'ग्रंथांच्या शाईने तैग्रिसचे पाणी काळे झाले' ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे, आणि ती ऐकताना कोणाचेही मन कळवळते. पण त्या काळच्या बगदादची हकीकत देणाऱ्या, वर उल्लेखिलेल्या बखरीत एक साधी नोंद आहे, आणि ती त्या कथेहून अधिक चटका लावते. कत्तल थांबल्यावर हिल्ला, कुफा या आसपासच्या गावांचे लोक धान्य-अन्न घेऊन बगदादला आले, आणि उपाशी नगरवासीयांनी मौल्यवान ग्रंथ देऊन ते अन्न विकत घेतले. आणणाऱ्यांची चांगली कमाई झाली.

पालकहो, या नोंदीवर क्षणभर थांबा. ज्या शहरात विद्यार्थ्याला अन्नही मिळत होते आणि पुस्तकही, त्याच शहरात दोहोंपैकी एक निवडण्याची पाळी आली. अशा वेळी माणसाने काय निवडावे हे आपण घरात बसून सांगणे बरे नव्हे. मात्र त्यामुळे एक गोष्ट घडली: सगळे ग्रंथ नष्ट झाले नाहीत. ते विकले गेले, पांगले, दुसऱ्या गावांत जाऊन राहिले.

मुस्तन्सिरियाची इमारतही वाचली. काही काळाने तेथे पुन्हा वर्ग भरू लागले आणि इब्न अस्-साई मृत्यूपर्यंत बगदादमध्येच राहिला. त्याच्या पुढचा नामवंत ग्रंथपाल म्हणजे अब्दुर्रज्जाक इब्न अल्-फुवती. फूता म्हणजे कमरेला गुंडाळावयाचे वस्त्र. ते विकणाऱ्या आजोबांवरून हे नाव पडले. जन्म बगदादचा, १२४४ चा. शहर पडले तेव्हा तो सुमारे १४ वर्षांचा होता आणि कैदी म्हणून नेला गेला. पुढे प्रख्यात गणिती नासिरुद्दीन तुसी यांनी त्याला आपल्याजवळ घेतले. तुसींनी इराणमध्ये मराघा येथे वेधशाळा उभारली होती आणि तिच्याबरोबर मोठे ग्रंथालयही होते. लुटीतून निघालेली कितीतरी पुस्तके तेथे जमा झाली होती. हा कैदी मुलगा त्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल झाला. वेधशाळा पाहावयास कोण कोण आले, याविषयी त्याने एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. सन १२८० च्या सुमारास तो बगदादला परतला आणि मुस्तन्सिरियाच्या किताबखान्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. १३२३ मध्ये तो वारला.

त्याने रचलेला चरित्रकोश फार मोठा होता. राजे-वजीर त्यात आहेतच. पण फकीह, लेखनिक, हकीम, कारागीर हेही आहेत. आज त्याच्या संक्षिप्त रूपाचे काही भाग शिल्लक आहेत, आणि त्यांतला एक खंड त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहे. वर ज्या बखरीचा आधार घेतला तिचे नाव 'अल्-हवादिस अल्-जामिआ'. तीसुद्धा पुष्कळ काळ याच इब्न अल्-फुवतीची मानली जाई. आजचे बहुतेक अभ्यासक तसे मानीत नाहीत. लेखक कोणी असो, त्याची नजर या मदरशावर आणि शहरातील पूर, आग, महागाई, नेमणुका यांवर सारखी फिरत होती.

इब्न अल्-फुवतीनंतर चार वर्षांनी, १३२७ साली, इब्न बत्तूता बगदादला आला. तो स्वतः मालिकी कायद्याचा जाणकार. पुढे दिल्लीला काझी झाला आणि त्यानंतरच्या प्रवासात आपल्या दौलताबादवरूनही गेला. मुस्तन्सिरियात त्याने पाहिले ते असे: प्रत्येक मजहबचे स्वतंत्र दालन; लहानशा लाकडी घुमटीखाली काळ्या पोषाखातले, पगडी घातलेले मुदर्रिस गंभीरपणे बसलेले; त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला एकेक मुईद. मुदर्रिस जे सांगत ते हे मुईद पुन्हा म्हणत, म्हणजे मागे बसलेल्यालाही नीट ऐकू जाई. कत्तलीला सत्तर वर्षे होत आली होती आणि धडा चालू होता.

तैमूरच्या स्वाऱ्यांनंतर, म्हणजे १३९३ आणि १४०१ नंतर, मात्र जुने वैभव राहिले नाही. उस्मानी अमलात या इमारतीत जकातीचे कार्यालय होते. ज्या खोल्यांत विद्यार्थी नकला उतरवीत तेथे व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांची मोजदाद होऊ लागली. १९४५ मध्ये इराकच्या पुराणवस्तू खात्याने ती ताब्यात घेऊन दुरुस्त केली, आणि १९६३ मध्ये बगदादला निघालेल्या नव्या विद्यापीठाला तिचेच नाव दिले गेले.

त्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर मुतनब्बी रस्ता आहे, बगदादचा जुना पुस्तकबाजार. ५ मार्च २००७ रोजी तेथे मोटारीत ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला. माणसे मेली, दुकाने व पुस्तके जळाली. त्या वेळी इराकच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख साद इस्कंदर हे होते. त्यांचे ग्रंथालय एप्रिल २००३ मध्ये जाळले व लुटले गेले होते, आणि २००६-०७ च्या त्या भयंकर महिन्यांत ते रोजनिशी लिहीत होते: कोणता कर्मचारी मारला गेला, वीज किती वेळ होती, कोण कामावर येऊ शकले नाही. ५ मार्चच्या पानावर जळके कागद आकाशात उडत असल्याची नोंद आहे. मुतनब्बी रस्त्यावरील दुकाने पुढच्या वर्षी, डिसेंबर २००८ मध्ये, पुन्हा उघडली.