शेवंती आणि रात्रीचा दिवा

आजची गोष्ट माझ्या बाल्कनीतल्या एका कुंडीपासून सुरू होते.

दोन वर्षांपूर्वी आजीने गावाहून शेवंतीच्या काश्या दिल्या. मी पुण्यात त्या कुंडीत लावल्या. शेणखत घातलं, शेंडे खुडले, मावा पडला तेव्हा पाण्याचा फवारा मारला. झाड छान हिरवंगार झालं. पण दसरा गेला, दिवाळी गेली, कळी काही दिसेना. आजी फोनवर विचारायची, "फुलं आली का रे?" आणि मी विषय बदलायचो.

आता जरा मागे जाऊ. चीनमध्ये शेवंती हजार वर्षांहून जुनी. तिथे नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी तिचा सण असतो. १७८९ मध्ये ब्लांकार्ड नावाच्या व्यापाऱ्याने ती फ्रान्समध्ये मार्सेला नेली. ती शरद ऋतूतच फुलते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. का, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

उत्तर मिळालं ते तंबाखूमुळे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड 'मेरिलँड मॅमथ' या जातीने हैराण झाले होते. उन्हाळ्यात ती शेतात नुसती उंच वाढायची, फुलायची नाही. आपण बग शोधताना करतो ना, तसं त्यांनी एकेक कारण तपासून बाजूला सारलं. मग १९१८ च्या उन्हाळ्यात कुंड्या रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवायच्या आणि सकाळी बाहेर काढायच्या, असं सुरू केलं. दिवस लहान झाला आणि झाडं फुलली! १९२० मध्ये त्यांचा निबंध छापून आला. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका तणावर प्रयोग करून दाखवलं की झाड खरं तर रात्र मोजतं. मध्यरात्री थोडा वेळ जरी दिवा लावला तरी हिशोब बिघडतो.

शेवंतीही त्याच गटातली. जपानच्या आइची प्रांतातले शेतकरी याचा उपयोग करतात. हरितगृहात रात्री दिवे लावून फुलं लांबवतात आणि हवी तेव्हा बाजारात आणतात.

आणि माझी बाल्कनी? अमेरिकेतल्या टीमबरोबर माझे कॉल रात्री दोनपर्यंत चालायचे आणि कुंडीच्या बरोबर वर एलईडी दिवा जळत असायचा. म्हणजे जपानी शेतकरी पैसे खर्चून जे करतात, ते मी नकळत करत होतो. खत बदलून काय होणार होतं?

मागच्या वर्षी ऑगस्टपासून तो दिवा बंद ठेवला, कॉल आतल्या खोलीत घेतले. दिवाळीच्या आधी पिवळ्या कळ्या आल्या. आजीला फोटो पाठवला, सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "अरे, आपल्या अंगणात दिवा होता कुठे?"

तुमच्याही शेवंतीला कळी नसेल, तर खताआधी रात्री एकदा बाहेर जाऊन बघा. तिच्यावर कुठला दिवा पडतोय? भेटू पुढच्या भागात.